गुलाल बैलाला, मान मॅस्कॉटला

कर्जत-खालापूरच्या माणसाला शर्यतीचा बैल समजावून सांगावा लागत नाही. बिनजोड जिंकली की गुलाल आधी बैलावर पडतो आणि गावाचं नाव त्याच्या नावानं गाजतं. अमेरिकेतल्या कॉलेजांनाही असंच वेड आहे. तिथं टीमचा मान म्हणून खरंखुरं जनावर मैदानात येतं, त्याला मॅस्कॉट म्हणतात. रसायनीच्या कॉलेजातल्या पोरांना हे किस्से ठाऊक हवेतच!

पहिला मान येल विद्यापीठाच्या बुलडॉगचा. 1889 मध्ये एका विद्यार्थ्यानं तो लोहाराकडून अवघ्या पाच डॉलरला घेतला आणि नाव ठेवलं हँडसम डॅन. त्याच नावाची गादी आजही चालू आहे.

टेक्सास विद्यापीठाचा बेव्हो हा लांबलचक शिंगांचा बैल, 1916 पासूनचा. कट्टर वैरी टेक्सास ए अँड एमच्या पोरांनी 1917 मध्ये त्याच्या अंगावर चक्क 13-0 असा डाग दिला. 1915 च्या सामन्यात त्यांनी त्याच स्कोअरनं बाजी मारली होती ना! पुढे सांभाळायचा खर्च झेपेना, म्हणून 1920 मध्ये पहिल्या बेव्होला कापून मेजवानी झाली. वैऱ्यांनाही आवतण गेलं आणि तो डागाचा चामड्याचा तुकडा त्यांच्याच हाती दिला. बैलाला घरचा माणूस मानणाऱ्याच्या घशाखाली घास उतरू नये, असा हा प्रकार. आताच्या बेव्होचे मात्र लाड असतात. 1 जानेवारी 2019 ला तो कठडा मोडून जॉर्जियाच्या उगा नावाच्या बुलडॉगवर धावून गेला, तेव्हा सगळा देश बघत राहिला.

त्याच ए अँड एमची रेव्हिली ही कोली जातीची कुत्री विद्यापीठाच्या कॅडेट दलात सगळ्यात वरच्या हुद्द्याची! ती वर्गात भुंकली की तास सुटतो आणि कॅडेटच्या खाटेवर झोपली तर त्यानं जमिनीवर पथारी टाकायची, असा रिवाज आहे. कोलोरॅडोची राल्फी म्हणजे गवा-रेड्याच्या थाटाची बायसन. तिच्याबरोबर पाच विद्यार्थी दोर धरून मैदानभर पळतात. ती नेहमी मादीच असते, कारण नर फार मोठा आणि तापट.

लुइझियाना स्टेट विद्यापीठात 1936 पासून माइक नावाचा जिवंत वाघ ठेवायची प्रथा आहे. पूर्वी त्याला पिंजऱ्यातून स्टेडियममध्ये नेत. आताचा माइक मात्र सामन्याला जात नाही. झाडं-पाण्याच्या प्रशस्त आवारात राहतो. हा बदल मला मनापासून पटतो. हजारोंच्या गोंगाटात वाघाला कसली मौज?

आपल्याकडे वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवर 1998 च्या अधिसूचनेनं बंदी आहे. बैलांच्या शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. 2008 च्या पुण्यातल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांचा मॅस्कॉट, जिगर हा वाघही, खराखुरा नव्हे तर पोशाखातलाच होता.

तेव्हा रसायनीकरांनो, कॉलेजला मॅस्कॉट हवाच असेल तर राज्यप्राणी शेकरू घ्या. झुपकेदार शेपटीचा पोशाख चढवून एखाद्या उत्साही पोराला मैदानात नाचू द्या, आणि खरा शेकरू बघायचा तर कर्जतहून खांडस गाठा, भीमाशंकर चढा आणि झाडांच्या शेंड्यांकडे नजर ठेवा.