मिनिटभराचा श्वास

श्वासाची गती मोजायला यंत्र लागत नाही, सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते. तरीही वॉर्डातल्या चार्टवर अंदाजाने भरला जाणारा रकाना बहुतेकदा हाच असतो. रुग्ण बदलतात, ड्यूटी बदलते, आकडा मात्र 18 नाहीतर 20. ही सवय घातक आहे. तब्येत ढासळू लागली की श्वास अनेकदा रक्तदाबाच्या आधी बदलतो, आणि ती पहिली खूण अशा नोंदीत पुसली जाते.

श्वास मोजला जातोय हे कळले की माणूस नकळत तो बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचे नाही. तोच हात रुग्णाच्या छातीवर टेकवायचा आणि नजर छातीवर ठेवायची. छाती वर गेली, खाली आली, की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर एका श्वासाची चूक चारची होते; म्हणून पूर्ण मिनिट. शांत बसलेल्या प्रौढाचे 12 ते 20 श्वास भरतात, नवजात बाळाचे 30 ते 60.

मोजता मोजताच बाकीचे दिसते. वाक्य एका दमात पुरे होते, की दोन शब्दांनी थांबावे लागते? नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ताणले जातात का? गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकून बसलेला रुग्ण धाप लागल्याचे न बोलताच सांगत असतो. जीभ निळसर दिसू लागते ती बरीच उशिरा.

लहान मुलांत तर मोजणीवरच निदान उभे असते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50, पाच वर्षांपर्यंत 40 श्वास झाले, की न्यूमोनियाची शंका घ्यायची. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर थांबायचेच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मण्यांचे साधन तयार केले: शेजारी मिनिटाची वाळूची घटिका, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर तो न्यूमोनिया.

कानाने ऐकण्याचे साधन पॅरिसमध्ये 1816 साली आले. रेने लेनेक यांनी कागदाची गुंडाळी छातीला लावली, तोच पहिला स्टेथोस्कोप. दम्यात श्वास सोडताना शिट्टीसारखा सुईंसुईं आवाज येतो. न्यूमोनियात कानाजवळ केस चोळावेत तशी करकर ऐकू येते. फुप्फुसाभोवती पाणी साठले, तर तिथला आवाज मंदावतो आणि बोटाने ठोकल्यावर छाती भरीव वाजते.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर उपयोगी खरा, पण गार बोट किंवा नखांचा रंग त्याला चकवतो. त्याचा आकडा सीओपीडीत वेगळा वाचावा लागतो. श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा हा फुप्फुसांचा आजार चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे कोंडलेल्या बायकांनाही होतो. अशा रुग्णाचा ऑक्सिजन 98 टक्क्यांपर्यंत नेण्याचा हट्ट नको. जादा ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. म्हणून साधारण 88 ते 92 चे लक्ष्य ठेवतात.

दम्याच्या झटक्यात रात्रभर धापा टाकणाऱ्या रुग्णाचा श्वास पहाटे 34 वरून 16 वर येतो, छातीतली शिट्टी थांबते, डोळे मिटू लागतात. ही झोप नसते. स्नायू थकलेले असतात, हवा आत जात नसते. डॉक्टरांना हाक त्याच क्षणी गेली पाहिजे.