प्रयोगशाळेतल्या शेळीचा डॉक्टर



आमच्या गटांमध्ये शेळीसाठी कर्ज घेतलेल्या बायका पुष्कळ आहेत. त्यामुळे पीपीआरची लस टोचून घ्या, हे आम्ही जवळजवळ प्रत्येक बैठकीत सांगतो. पीपीआर म्हणजे शेळ्यांची बुळकांडी. सडकून ताप येतो, डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, मग हगवण आणि शेवटी धाप. एका शेळीला झाला की कळपात पसरायला वेळ लागत नाही. लस मात्र चांगली आहे. करडू तीन-चार महिन्यांचं झालं की टोचता येते आणि एकदा टोचली की निदान तीन वर्षं तरी राखण होते.

हे सगळं सांगून झाल्यावर एका बाईंनी विचारलं, "ताई, ही लस पहिल्यांदा ज्या शेळीला टोचली, ती कुणाची होती? आणि तिला काही झालं असतं तर तिच्याकडं बघायला कुणी होतं का?" प्रश्न मोलाचा आहे. आपल्या शेळीला सुई टोचली तर आपण रात्री दोनदा उठून तिच्या अंगाला हात लावून बघतो. तिकडं शेकडो शेळ्या, उंदीर, ससे असतात. त्यांच्या अंगाला हात लावून कोण बघतं? आज त्याच माणसाबद्दल बोलू या. विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत प्रयोगासाठी ठेवलेल्या जनावरांचा डॉक्टर, म्हणजे तिथला पशुवैद्य.

आधी लसीचं मूळ बघू. आपल्याकडं वापरल्या जाणाऱ्या पीपीआर लसींपैकी एक भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेनं तयार केली. ही संस्था उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला आहे आणि लसीचं काम झालं ते तिच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या केंद्रात. १९८३ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे, म्हणजे तिथं पशुवैद्य शिकतातही. लसीच्या वाणाचं नाव 'सुंगरी ९६'. सुंगरी हे हिमाचल प्रदेशातलं गाव, तिथल्या आजारी शेळ्यांमधून हा विषाणू मिळाला होता. आणि गंमत बघा, ही एवढी मोठी संस्था सुरू झाली आपल्या पुण्यात, १८८९ साली. पुढं १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलवली. तो डोंगराळ, थंड भाग. तिथं गुरांची वस्ती विरळ होती, म्हणून बुळकांडीसारख्या पसरणाऱ्या रोगावर काम करायला जागा बरी होती.

गुरांची बुळकांडी आपल्यातल्या म्हाताऱ्या बायकांना ऐकून तरी माहीत असेल. गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला असं दिसून आलं, की बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, दुसरीतून तिसरीत, असा शेकडो वेळा नेला की तो मवाळ होतो. असा मवाळ विषाणू गाई-बैलांना टोचला की त्यांना मोठा आजार होत नाही आणि पुढं बुळकांडीपासून राखण मिळते. १९५४ पासून देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम चालली, तेव्हा सुरुवातीला हीच शेळीपासून केलेली लस वापरात होती. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे आपल्या दावणीचे बैल वाचले त्यात त्या शेळ्यांचा वाटा आहे. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, पण हिशेबात त्या धरायला हव्यात असं आम्हाला वाटतं.

त्या काळी या शेळ्यांच्या बाजूनं बोलणारा कायदा नव्हता. आज आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल या नृत्यांगना म्हणून प्रसिद्ध, पण त्या राज्यसभेच्या सदस्यही होत्या. जनावरांना क्रूरपणे वागवू नये यासाठी त्यांनी तिथं विधेयक मांडलं. पुढं सरकारनं १९६० चा कायदा केला. या कायद्यानं प्रयोगांना बंदी घातलेली नाही. माणसाचा किंवा जनावराचा जीव वाचवणारं ज्ञान मिळवायचं असेल तर प्रयोग करता येतो. पण कसा करायचा, त्याला बांध घातला. शस्त्रक्रिया असेल तर शक्यतोवर दुखणं कळणार नाही इतकी भूल द्यायची. छोट्या जनावरावर भागत असेल तर मोठं घ्यायचं नाही. पुस्तक, चित्रफीत किंवा नमुना दाखवून शिकवता येत असेल तर जनावर वापरायचंच नाही. नुसता हात बसावा म्हणून जनावर कापायचं नाही. प्रयोगाच्या आधी आणि नंतरही नीट सांभाळायचं आणि सगळ्याची नोंद ठेवायची.

आता कायदा कागदावर असतो. गोठ्यात तो पाळला जातो की नाही, हे बघणाऱ्या डोळ्यांमध्ये पहिले डोळे या डॉक्टरचे.

त्याचं काम जनावर येण्याच्या आधी सुरू होतं. कुठून आणलं, निरोगी आहे का, कुठल्या लसी झाल्यात. नवीन जनावर आलं की ते थेट जुन्यांत मिसळत नाहीत. उंदीर-सशांना आठवडाभर किंवा जास्त, कुत्र्या-माकडांना सहा आठवड्यांपर्यंत वेगळं ठेवतात. आपणही बाजारातून आणलेली शेळी पंधरा-वीस दिवस वेगळी बांधावी असं आम्ही सांगतो आणि बहुतेक जणी जागा नाही म्हणून बांधत नाहीत, तो विषय वेगळा!

मग रोजची फेरी. दाणापाणी, हवा, उजेड, खोलीचं तापमान. उंदरांच्या पिंजऱ्यात खाली भाताचं तूस किंवा मक्याच्या कणसाचा भुसा घालतात, तोही आधी वाफेनं निर्जंतुक केलेला. घरटं करायला कागदाचे तुकडे देतात, कारण उंदराला घरटं केल्याशिवाय चैन पडत नाही. शेळीचं तर आपण जाणतोच. ती एकटी राहिली की ओरडून ओरडून खाणं टाकते. म्हणून प्रयोगासाठी वेगळी ठेवावी लागली तरी दुसरी शेळी तिला दिसेल, ऐकू येईल असं बघायचं. खाली पडलेला, मुतानं भिजलेला पाला ती तोंडात घेत नाही, तेव्हा गव्हाण उंच हवी. रक्त काढायचं असेल तर आधी काही दिवस तीच व्यक्ती तिला पाला देऊन, हात लावून सवय करते, म्हणजे सुईच्या दिवशी धरपकड होत नाही. आणि रक्त किती काढायचं यालाही हद्द आहे. तीस किलोच्या शेळीच्या अंगात साधारण दोन लिटर रक्त असतं. त्याच्या दहाव्या भागाहून जास्त एका वेळी काढू नये, आणि काढल्यावर ते भरून यायला काही आठवडे द्यावेत, असा दंडक आहे.

पण रोज सकाळी सगळ्यात आधी जनावर बघतो तो डॉक्टर नव्हे. बघतो तो झाडलोट करणारा, चारा टाकणारा कामगार. काल ताठ उभी असलेली आज कोपऱ्यात आहे, हे त्याला पहिल्यांदा कळतं. म्हणून या कामगारांना शिकवणं, त्यांचं म्हणणं ऐकून घेणं आणि त्यांना जनावरांपासून रोग होणार नाही हे बघणं, हाही डॉक्टरच्या कामाचा भाग आहे.

आता दुखण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात आपल्यालाही शिकण्यासारखं आहे. शिकार होणारी जनावरं दुखणं लपवतात. रानात जो लंगडला तो आधी मारला जातो, म्हणून ही सवय. ससा विव्हळत नाही, नुसता खायचा थांबतो, आणि सशाचं खाणं थांबलं की आतडी थंडावतात आणि जीवावर बेतू शकतं. उंदराला ताण आला की डोळ्याभोवती, नाकापाशी लालसर डाग दिसतात. बघणाऱ्याला रक्त वाटतं, पण ते डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं लाल पाणी असतं. २०१० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची पट्टी तयार केली. डोळे किती मिटलेत, नाक-गाल कसे फुगलेत, कान कुठं वळलेत, मिशा कशा आहेत, हे बघून गुण द्यायचे. पुढं ससा, मेंढी, घोडा यांच्यासाठीही अशा पट्ट्या झाल्या. हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या गटातल्या आजीबाई आठवल्या. त्या लांबून बघून सांगतात, "हिचे कान पडलेत, हिला काहीतरी होतंय." त्यांच्याकडं पट्टी नाही, नजर तीच आहे. फरक एवढाच, की विद्यापीठात ते लिहून ठेवावं लागतं, म्हणजे वेदनाशामक औषध द्यायचं की नाही हे कुणाच्या मर्जीवर राहत नाही.

आता अवघड भाग. लस खरंच काम करते का, हे कसं बघतात? साधारणपणे काही शेळ्यांना लस टोचतात, काहींना टोचत नाहीत. मग दोन्हींना रोगाचा विषाणू देतात. लस टोचलेल्या वाचल्या आणि न टोचलेल्या आजारी पडल्या, तर लस चांगली. म्हणजे काही शेळ्या आजारी पडणार हे आधीपासून ठरलेलं असतं. आपल्या गावचा डॉक्टर येतो तो बरं करायला. या डॉक्टरपुढं असे रुग्ण आहेत, की औषध देऊन त्यांना बरं केलं तर प्रयोगच फुकट जाईल.

मग त्याचं काम काय उरतं? त्याचं काम असतं हद्द ठरवण्याचं आणि ती पाळायला लावण्याचं. प्रयोग सुरू होण्याआधीच लिहून ठेवायचं, की इथपर्यंत आणि याच्या पुढं नाही. शेळीच्या अंगाचा ताप एरवी १०२-१०३ अंशांच्या आसपास असतो. तो किती चढला, किती दिवस टिकला, खाणं सुटलं का, वजन किती घटलं, उठून उभी राहते का. ठरलेली हद्द आली की शेळी तडफडून मरेपर्यंत वाट बघायची नाही. तिला प्रयोगातून काढून उपचार करायचे, आणि ती वाचण्यातली नसेल तर भूल देऊन शांतपणे मरण द्यायचं. शास्त्रज्ञ म्हणेल, अजून दोन दिवस थांबा, आकडे पूर्ण होऊ द्यात. डॉक्टरला म्हणता आलं पाहिजे, नाही. आमच्या मते या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम हे 'नाही' म्हणण्याचं आहे.

ते सोपं नाही. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ एकाच संस्थेचा पगार घेतात, एकाच कँटीनमध्ये जेवतात. म्हणून सगळा भार एकट्या डॉक्टरवर टाकलेला नाही. प्रत्येक संस्थेत एक प्राणी नैतिकता समिती असावी लागते. त्यात तिथले शास्त्रज्ञ असतात, जनावरांचा डॉक्टर असतो, बाहेरच्या संस्थेचा एक शास्त्रज्ञ असतो, केंद्र सरकारच्या समितीनं नेमलेला माणूस असतो, आणि एक सदस्य असा असतो की जो शास्त्रज्ञ नाही, पण ज्याला समाजाची जाण आहे. प्रयोगाचा कागद आधी या समितीपुढं जातो. छोट्या जनावरांचा असेल तर तिथंच मंजूर होऊ शकतो, मोठ्या जनावरांचा असेल तर पुढं केंद्राच्या समितीकडं. किती जनावरं लागणार, एवढी का, कमीत भागणार नाही का, त्याशिवाय दुसरा मार्ग नाही का, हे विचारतात. आम्हाला विचाराल तर तो शास्त्रज्ञ नसलेला सदस्य फार महत्त्वाचा. त्याला साधा प्रश्न विचारायची लाज वाटत नाही. पण नुसती सही करून चहा पिऊन निघून गेला, तर त्याची खुर्ची रिकामीच समजायची.

दुसरा मार्ग निघतोही. पीपीआरचीच ही लस बघा. जुनी बुळकांडीची लस करायला शेळ्या लागत. ही लस काचेच्या बाटलीत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. म्हणजे लस बनवण्यासाठी शेळीचा जीव जात नाही.

सगळेच प्रयोग जीवघेणे नसतात, हेही सांगायला हवं. कृषी आणि पशुवैद्यकीय संस्थांमध्ये कधी एखादी गाय किंवा बैल दिसतो, ज्याच्या डाव्या कुशीला रबरी झाकण बसवलेलं असतं. बघून धस्स होतं. ते झाकण काढलं की हात थेट कोठीपोटात जातो. जाळीच्या पिशवीत चारा किंवा पेंड घालून आत सोडतात, ठरल्या तासांनी काढतात आणि किती पचलं ते मोजतात. कुठला चारा किती पचतो, हे आपल्याला सांगितलं जातं त्यातलं बरंचसं असं कळलेलं असतं. भोक पाडताना भूल, नंतर दुखणं कमी करायचं औषध, जखम भरेपर्यंत रोजची सफाई, आणि पावसाळ्यात माशी बसून अळ्या होऊ नयेत म्हणून जास्तीची नजर, हे डॉक्टरकडं. नीट सांभाळलं तर असं जनावर वर्षानुवर्षं जगतं, खातं, रवंथ करतं. त्याच्या पोटातलं थोडं पाणी काढून, पोट बंद पडलेल्या दुसऱ्या जनावराला पाजतात आणि त्याची रवंथ सुरू व्हायला मदत होते.

ज्या मुलींना जनावरांची आवड आहे त्यांच्यासाठी एवढंच, की हा डॉक्टर व्हायला बारावी विज्ञान, मग नीट परीक्षा आणि साडेपाच वर्षांचं पशुवैद्यकाचं शिक्षण लागतं. आपल्याकडं मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथं महाविद्यालयं आहेत.

शेवटी, बैठकीतच आलेला आणखी एक प्रश्न. प्रयोग संपल्यावर त्या शेळ्या बाजारात विकतात का? ज्या शेळ्यांना रोगाचा विषाणू दिलेला आहे त्या बाहेर सोडायच्या नसतात. त्यांचं मांसही कुणाच्या ताटात जाऊ द्यायचं नसतं, मेलेली जनावरं संस्थेनं जाळून किंवा ठरलेल्या पद्धतीनंच संपवायची असतात. ज्या जनावरांचा प्रयोग साधा होता आणि जी निरोगी आहेत, त्यांचा पुढचा सांभाळ ही प्रयोग करणाऱ्यांची जबाबदारी आहे आणि त्याचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरावा लागतो. कुठली शेळी कुठल्या गटात जाणार, यावर सही त्या डॉक्टरची लागते.