गोधडीचे शिक्षण

खामगाव व मलकापूर येथील बाजारांत कापूस नेणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील कित्येक घरांत आज पांघरुणे विकत आणावी लागतात. जुनी सुती लुगडी टाकून द्यावयाची आणि कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे घ्यावयाची, हा व्यवहार शेतकऱ्यास शोभत नाही. कारण उघड आहे. पूर्वी मुलगी आजीजवळ बसून टाका शिके. आता ती शाळेत जाते आणि आजीची विद्या आजीबरोबरच संपते.

म्हणून ही विद्या शाळेतच आणली पाहिजे. हस्तोद्योगातून शिक्षण हे तत्त्व १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकू द्यावे, असे सुचविले आहे.

क्रम असा ठेवावा. प्रथम हातभर चौकोनावर धावदोरा गिरवावा. मग हिशेब : ९ वारी लुगड्याचे चार सारखे तुकडे केल्यास प्रत्येक सव्वादोन वारांचा होतो, दोन दोन तुकडे कडेस जोडले की दोन थर तयार. धुतलेले थर ताणून पसरावे, मध्ये जुन्या धोतराचे तुकडे घालावे, कच्चे टाके घ्यावे व काठाकडून मध्याकडे फेऱ्या घालीत शिवावे. टाका विरळ पडल्यास धुताना आतील तुकडे गोळा होतात. थरांत अडकलेली हवाच ऊब राखते, हेही सांगावे.

शाळा समितीवरील आमच्या बांधवांनी गावातील जाणत्या आजीस मानधन देऊन बोलवावे. टाका मुलगेही शिकोत. विलंब मात्र नको; आजी आहे तोवरच हा वर्ग भरेल.