नोबिता एकटा पडतो तेव्हा...

दिवेलागणीच्या वेळी आपल्या वडशातल्या कुठल्याही मोहल्ल्यातून एक चक्कर मारा. एका घरातून कुकरची शिट्टी, दुसऱ्या घरातून भजनाचा आवाज आणि तिसऱ्या घरातून हमखास ‘डोरेमॉन, मुझे बचाओ!’ अशी नोबिताची हाक ऐकू येते. कधी टीव्हीवर, कधी मोबाइलवर. हा निळा, गोल, बिनकानांचा मांजरोबा गेली वीसेक वर्षे आपल्या घरात असा ठाण मांडून बसलाय की पोट्ट्यांना मामाचं गाव एकवेळ आठवणार नाही, पण डोरेमॉनच्या पोटाच्या खिशात काय काय आहे, ते तोंडपाठ!

आपण आया काय करतो? ‘बंद कर ते कार्टून’ म्हणतो आणि भाजी चिरायला लागतो. पण याच डोरेमॉनचा एक भाग असा आहे, जो बघून मुलं चक्क रडतात. जेवायला बसत नाहीत, उशीत तोंड खुपसून झोपतात. आणि मग घरातलं कुणीतरी हसतं, ‘कायले रडून राहिली वं, कार्टून तं आहे!’ मैत्रिणींनो, आज त्या रडण्याबद्दलच बोलूया.

आधी थोडी ओळख, कारण आपल्यापैकी अनेकींनी हे कार्टून फक्त ऐकलंय, पाहिलेलं नाही. जपानमधले चित्रकार फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९च्या अखेरीस लहान मुलांच्या मासिकांतून ही चित्रकथा सुरू केली. कथा साधीच. नोबिता नावाचा मुलगा अभ्यासात ढ, खेळात मागे, स्वभावाने भित्रा. त्याच्या खापरपणतूला वाटतं, आपल्या खापरपणज्याचं असंच चाललं तर घराण्याचं काही खरं नाही. म्हणून बाविसाव्या शतकातून तो एक यंत्रमांजर पाठवतो. ते टेबलाच्या खणातून बाहेर येतं आणि नोबिताच्या घरी राहायला लागतं. विज्ञानाची गंमत, पण विनोदाच्या अंगाने. ब्रेडवर धडा उमटवायचा आणि ब्रेड खाल्ला की धडा पाठ! एकदा नोबिता असे इतके ब्रेड खातो की पोट बिघडतं आणि सगळा अभ्यास पोटाबरोबर साफ होतो. परीक्षेच्या दिवसांत हा भाग बघताना मुलं जी खदखदून हसतात, ते हसू तुम्ही ऐकलंच असेल.

आणि तो डोरा केक! आमच्या शेजारची चिमुरडी रोज आईच्या मागे लागायची, डोरा केक दे म्हणून. तो काय असतो? दोन गोड, जाडसर धिरडी आणि मध्ये लाल बारीक कडधान्याचं, आपल्या पुरणासारखं शिजवून गोड केलेलं सारण. म्हणजे जपानची पुरणपोळीच म्हणा ना!

आता त्या भागाकडे येऊ. १९७४च्या मार्च महिन्यात तिसरीच्या मुलांच्या मासिकात डोरेमॉनच्या निरोपाची गोष्ट छापून आली. डोरेमॉनला भविष्यात परत जावं लागणार असतं. नोबिता आधी खूप रडतो, मग त्याच्या लक्षात येतं की आपण असेच रडत राहिलो तर डोरेमॉनचा पाय निघणार नाही. त्या रात्री त्याची गाठ दांडगट जियानशी पडते. एरवी ‘डोरेमॉन’ म्हणून हाक मारणारा हा पोरगा त्या रात्री हाक मारत नाही. मार खातो, पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा भिडतो. शेवटी जियानच कंटाळून माघार घेतो. डोरेमॉन त्याला खांद्याचा आधार देऊन घरी आणतो, अंथरुणावर निजवतो. सकाळी नोबिता उठतो तेव्हा खोली रिकामी असते.

बस्, एवढंच. कुणी मरत नाही, कुणी आक्रोश करत नाही. पण ती रिकामी खोली मुलांच्या जिव्हारी लागते. २०१४च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटातही ही गोष्ट घेतली आहे आणि ती बघून मुलंच काय, त्यांच्या शेजारी बसलेल्या आयाही डोळे पुसतात.

मुलांना कार्टूनसाठी रडू येतं यात नवल ते काय? आपण तर झाडीपट्टीच्या लेकी! दिवाळी झाली, मंडई सुरू झाली की होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत नाटकं होतात आणि त्यांच्या कंपन्यांची कार्यालयं कुठे, तर आपल्या वडशात. रात्रीची जेवणं आटोपून, सतरंजी-शाल काखेत मारून, लेकराला कडेवर घेऊन आपण नाटकाला जातो. पहाटेपर्यंत बसतो. सासरी निघालेली लेक बापाच्या गळ्यात पडली की सगळ्या मांडवात पदर डोळ्यांना लागतात. खलनायकाला तर दुसऱ्या दिवशी धुणं धुताना अशा शिव्या पडतात की त्याने ऐकाव्यात! ते खोटं आहे, हे आपल्याला माहीत नसतं का? असतं. तरीही रडतो. याच रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याला वाटलं की आपल्या रडण्याहसण्याचाच मान झाला. मग मुलांच्या रडण्याला आपण का हसावं?

खरं तर मुलं रडतात ती डोरेमॉनसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त, असं मला वाटतं. आपल्या भागातली लेकरं ताटातूट लवकर शिकतात. कुणाचे बाबा कामाला दूर गेलेले, कुणाची ताई शिकायला नागपूरला, कुणी स्वतः पाचवी-सहावीतच वसतिगृहात. वडशाच्या स्टेशनवर गोंदियाकडे किंवा बल्लारशाकडे जाणारी गाडी सुटताना खिडकीशी धावणारी मुलं आपण पाहतोच. तेव्हा ती रडत नाहीत, कारण ‘रडायचं नाही हं’ असं आपणच बजावलेलं असतं. ते अडलेलं पाणी मग एखाद्या संध्याकाळी कार्टूनच्या निमित्ताने वाहतं. वाहू द्यावं.

पण एका गोष्टीपासून मात्र जपायला हवं. मोबाइलवर ‘डोरेमॉनचा खरा शेवट’ म्हणून एक गोष्ट फिरते. नोबिता म्हणे आजारी, बेशुद्ध मुलगा होता आणि डोरेमॉन हे त्याचं स्वप्न होतं. ते ऐकून लहान मुलं हादरून जातात. एका सहावीतल्या मुलीने मला रडवेल्या आवाजात विचारलं होतं, ‘काकू, नोबिता खरंच बिमार होता का जी?’ तर मैत्रिणींनो, मुलांना ठणकावून सांगा, ही अफवा आहे. फुजिओ यांनी असा शेवट कधीच लिहिला नाही. १९९६मध्ये ते गेले, पण मालिकेला कायमचा शेवट न देताच गेले.

चाहत्यांनी आपल्या मनाने रचलेला आणखी एक शेवट आहे. त्यात डोरेमॉनची बॅटरी संपते आणि नोबिता रडत न बसता जीव तोडून शिकतो, मोठा होऊन यंत्रमानवांचा तज्ज्ञ होतो आणि आपल्या मित्राला स्वतःच जागं करतो. २००५मध्ये एका चाहत्या चित्रकाराने याची पुस्तिका काढली. तिच्या तेरा हजारांहून जास्त प्रती खपल्या. परवानगी घेतलेली नसल्याने २००७मध्ये त्याला प्रकाशकांची माफी मागावी लागली, ते वेगळं. पण बघा, एकाच मालिकेच्या वेडातून दोन शेवट जन्मले. एक मुलाला भिववणारा, एक त्याला उभं करणारा. आपल्या लेकराच्या कानावर कोणता जावा, ते आपल्या हातात आहे.

आणि खरी गोष्ट पुढे काय झाली? महिनाभरातच, १९७४च्या एप्रिलमध्ये, डोरेमॉन परत आला! जाताना त्याने एक औषध ठेवलेलं असतं. ते प्यायलं की बोललेलं सगळं उलटं होतं. नोबिता दुःखाने म्हणतो की डोरेमॉन आता येणार नाही आणि डोरेमॉन दारात हजर! तुमचं मूल निरोपाच्या भागाने रडलं असेल तर ही पुढची गोष्ट त्याला जरूर सांगा.

या कार्टूनबद्दल तक्रारी नाहीत असं नाही. मुलं घरात हिंदी बोलायला लागतात, ही आपली तक्रार. शेजारच्या बांगलादेशातही हीच तक्रार होती आणि २०१३मध्ये तिथे हिंदीतल्या डोरेमॉनवर बंदी आली. आपल्या घरी झाडीबोली बोलणारी आजी आणि ‘मम्मी, बहुत भूख लगी है’ म्हणणारा नातू, हे चित्र मलाही खटकतं. पण बंदीपेक्षा सोपा उपाय आहे. आठवड्यातून एखादा भाग मुलांबरोबर बसून बघा आणि मग तोच भाग त्यांना आपल्या बोलीत आजीला सांगायला लावा. नोबिताच्याच एका गोष्टीत तो कालयंत्रातून मागे जातो आणि वारलेल्या आजीला भेटतो. एवढा मोठा झालेला नातू बघूनही ती त्याला बरोबर ओळखते. ही गोष्ट आजीच्या मांडीवर बसून सांगितली तर सांगणारा आणि ऐकणारी, दोघंही विसरणार नाहीत.

जाता जाता एक गंमत. ज्याला आपण ‘तो’ म्हणतो, त्या डोरेमॉनला आवाज बाईचा आहे! जपानमध्ये १९७९पासून २००५पर्यंत नोबुयो ओयामा यांनी तो दिला. २०२४मध्ये त्या गेल्या. हिंदीत सोनल कौशल हिने वर्षानुवर्षे दिला. घाबरलेल्या मुलाला धीर देणारा आवाज बाईचा असावा, हे मला काही अवघड वाटत नाही!

जून महिना आला की आपल्यापैकी कितीजणी लेकराची पेटी भरतील, चिवड्याचा डबा ठेवतील आणि त्याला वसतिगृहात सोडून येतील. त्याच्या आधी एखाद्या रात्री नोबिताची ही गोष्ट त्याच्याबरोबर बघा. त्याला रडू द्या, आपल्यालाही आलं तर येऊ द्या. पदर दोघांना पुरेल एवढा असतोच की!