संगणकाचा ताप आणि बांधाचा सांडवा

मंडळी, नवेगावचा बांध तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी तो बांधला, असे सांगतात. डोंगरांवरून येणारे पाणी अडवणे हे तलाव बांधणाऱ्याचे अर्धे काम. जादा पाणी बिनधोक निघून जाईल एवढा सांडवा ठेवणे हे उरलेले अर्धे. आवक वाढली आणि सांडवा तेवढाच राहिला, तर पाणी चढत जाते. आज मला बोलायचे आहे ते संगणकाबद्दल. पण ही सांडव्याची गोष्ट ध्यानात असू द्या.

याच परिसरातल्या एका शाळेत घडलेला प्रसंग सांगतो. मुलांनी हिवाळ्यात तलावावरच्या पक्ष्यांचे चित्रीकरण केले होते. त्याचे पाठ तयार करायला जुना संगणक पुरेना. म्हणून लोकवर्गणीतून नवा प्रोसेसर घेतला आणि जुन्याच्या जागी बसवला. जानेवारीत काम झपाट्याने झाले. सगळे खूश! मे महिन्यात उरलेले पाठ करायला बसले, तर तेच काम दुप्पट वेळ घेऊ लागले आणि एके दिवशी भर दुपारी यंत्र आपोआप बंद पडले. कुणी म्हणाले, प्रोसेसरच खराब निघाला. कुणी विजेला दोष दिला. पुन्हा वर्गणी काढायची तयारी सुरू झाली. खराब मात्र काहीच झाले नव्हते. आवक वाढली होती आणि सांडवा जुनाच राहिला होता.

कसा, ते पाहू. प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णताच होते. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि प्रत्येक नळी आतून तापल्याशिवाय चालत नसे. आज त्याहून कितीतरी पट काम नखाएवढी चकती करते. पण शंभर वॅटच्या दिव्याची उष्णता तेवढ्याशा जागेतून बाहेर काढावी लागते. त्यासाठी प्रोसेसरवर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा असतो. त्याला हीटसिंक म्हणतात. त्यावरचा पंखा पात्यांतली उष्णता हवेत सोडतो. हाच आपला सांडवा.

आता थोडे गणित. शाळेचा जुना प्रोसेसर ६५ वॅटचा, नवा १०५ वॅटचा. जुन्या हीटसिंकवर ६५ वॅटला तापमान खोलीपेक्षा ४० अंशांनी चढत असेल, तर १०५ वॅटला ते सुमारे ६५ अंशांनी चढणार. जानेवारीत खोली २४ अंश. म्हणजे प्रोसेसर ८९ वर, काठावर पास. मे महिन्यात खोली ४० अंश. बेरीज होते १०५! बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही भागले नाही, तर यंत्र बंद होते. हा बिघाड म्हणायचा नाही; यंत्राने जीव वाचवण्यासाठी केलेला उपाय आहे तो.

यातून एक नियम ध्यानी येतो: पंखा कितीही मोठा असला, तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून हिवाळ्यात प्रोसेसर बदललात, तर नुसता आकडा पाहून समाधान मानू नका. संगणकाला अर्धा तास जड काम द्या. तापमान दाखवणारे मोफत प्रोग्राम मिळतात, त्यांत आकडा पाहा. त्यातून खोलीचे तापमान वजा करा आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या खोलीचे तापमान त्यात मिळवा. उत्तर ८५च्या आत आले, तर निश्चिंत राहा. ९५च्या वर गेले, तर आजच उपाय करा.

उपाय कोणते? पहिला म्हणजे वॅटला साजेसा हीटसिंक. जास्त वॅटच्या अनेक प्रोसेसरांबरोबर पेटीत तो येतच नाही. त्याची किंमत आधीच हिशेबात धरा. छापील वॅटचा आकडाही थोडा कमीच समजा, कारण जोराच्या कामात वीज त्याहून जास्त लागते.

दुसरा उपाय लेपाचा. प्रोसेसर आणि हीटसिंक दिसतात गुळगुळीत, पण दोहोंत बारीक फटी असतात आणि त्यांत हवा राहते. तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज उष्णता वाहते! म्हणून फटी भरायला पेस्ट लावतात. हीटसिंक काढला की जुनी पेस्ट पुसून नवी लावायचीच. लहानशा वाटाण्याएवढी पुरे. जास्त लावल्याने गुण जास्त येत नाही. हीटसिंकच्या तळाला प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल, तर तो आठवणीने काढा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे.

तिसरा उपाय वाऱ्याच्या वाटेचा. हवा पुढून आत आणि मागून बाहेर जावी. टेबलाच्या बंद कप्प्यात पेटी कोंबली, तर तीच तापलेली हवा पुन्हा आत फिरते. भिंतीपासून वीतभर जागा सोडा. दर दोन-तीन महिन्यांनी वीज तोडून धूळ काढा. फुंकणी मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कूलर आहे. उत्तम! कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या कूलरने खोली दहा अंशांनी उतरली, तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच उतरतो. मात्र ओला झोत थेट पेटीवर सोडू नका.

आणि पैसेच नसले तर? संगणकाच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, प्रोसेसरची वीजमर्यादा पुष्कळदा कमी करता येते. वेग थोडा घटतो, उष्णता बरीच घटते. आवकच आवरायची!

त्या शाळेने नवा प्रोसेसर घेतला नाही. मोठा हीटसिंक आणला, पेस्ट लावली, पेटी कप्प्यातून बाहेर काढली. मे महिन्याच्या दुपारी तापमान ८०वर थांबले. मुलांचे पक्षी पडद्यावर आले आणि वर्गणीतले उरलेले पैसे वाचनालयाला गेले.

तेव्हा मंडळी, यंत्राची ताकद वाढवताना एक प्रश्न आधी विचारा: याचा सांडवा केवढा आहे?