गिधाड : गांवचा बिनबलुत्याचा चाकर

जुन्या गांवगाड्यांत प्रत्येक कामास माणूस नेमलेला असे व सुगी झाली म्हणजे त्याचें बलुतें त्यास खळ्यावर मिळे. सुतार औतें नीट करी, लोहार फाळ घडवी, कुंभार मडकीं देई. या यादींत ज्याचें नांव कधींच आलें नाहीं, असाही एक चाकर गांवोगांवीं होता. ढोर मेलें व गांवाबाहेर नेऊन टाकलें कीं तो बोलावल्यावांचून हजर होई आणि काम उरकून मुकाट्यानें निघून जाई. हा चाकर म्हणजे गिधाड होय.

आम्ही महसूल खात्यांत बरींच वर्षें कारकुनी केली. गांवच्या दप्तरांत झाडांची नोंद असते, गुरांची गणति होते. परंतु गिधाडांचा रकाना कोणत्याही नमुन्यांत आमच्या पाहण्यांत आला नाहीं. ज्याची नोंद नाहीं त्याची तूट लौकर ध्यानांत येत नाहीं. येथेंही तसेंच झालें.

सृष्टीचा कारभार तीन प्रकारच्या जीवांवर चालतो. गवत, पिकें व झाडें हीं उन्हाच्या बळावर अन्न उत्पन्न करतात. गुरें, हरिणें, वाघ इत्यादि प्राणी तें अन्न प्रत्यक्ष वा परंपरेनें खातात. आणि किडे, बुरशी व सूक्ष्म जंतु मेलेल्या देहांचें फिरून खत करतात. या फेऱ्यास अन्नसाखळी म्हणतात. देहाचें खत होण्यास वेळ लागतो, व तेवढ्या अवधींत त्यांतून रोग पसरण्याचें भय असतें. हें मधलें काम गिधाड करतें. तें वास घेऊन नव्हे, तर उंचावरून नजरेनें भक्ष्य शोधतें. आणि एक खालीं उतरलें कीं इतर त्याच्या मागोमाग येतात. मोठा थवा तासाभरांत बैलाचा नुसता सांगाडा ठेवतो. त्याच्या पोटांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं पुष्कळ रोगजंतु त्यांत नष्ट होतात.

अशीं गिधाडें एके काळीं आपल्या देशांत लक्षावधि होतीं. पुढें राजस्थानांत भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत तीं झपाट्यानें कमी होत असल्याचें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश यांनीं 1990 नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. 1992 पासून 2007 पर्यंतच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत नऊशें नव्याण्णव या प्रमाणांत नाहींशीं झालीं. लांब चोचीच्या गिधाडांचीही शंभरांत सत्त्याण्णव गेलीं. ना शिकार, ना दुष्काळ. मग झालें काय?

याचें उत्तर 2004 सालीं मिळालें. लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं पाकिस्तानांत मेलेलीं गिधाडें तपासलीं, तेव्हां त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन आंतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर बसलेला आढळला. कारण निघालें डायक्लोफेनॅक हें औषध. बैल लंगडूं लागला वा गाईच्या कासेस सूज आली म्हणजे वेदना कमी करण्यासाठीं हें स्वस्त औषध टोंचीत असत. तें दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलें तर औषधाचा अंश मांसांत राही व तें खाणारें गिधाड दगावे. शंभर मृत जनावरांत एकापेक्षांही कमी अशीं दूषित असलीं तरी एवढा संहार होण्यास तीं पुरेशीं होतीं, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. कारण उघड आहे. एका ढोरावर सबंध थवा बसतो. आणि गिधाडाची मादी वर्षांतून एकच अंडें घालते. अशी तूट लौकर भरून कशी यावी ?

कोणाही शेतकऱ्याने गिधाडांचें वाईट चिंतिलें नव्हतें; त्यानें केवळ आपल्या मुक्या जनावराचें दुःख हलकें केलें. परंतु साखळीची एक कडी हलविली कीं दुसऱ्या टोंकापर्यंत धक्का पोंचतो. गिधाडें गेल्यावर तीं ढोरें मोकाट कुत्र्यांस मिळूं लागलीं व कुत्रीं वाढलीं. त्यांच्या चावण्यानें पिसाळरोगाचें भय वाढलें. कुजणाऱ्या देहांनीं पाणी नासलें. इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनीं 2024 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें 2000 ते 2005 या काळांत गिधाडांच्या अभावीं देशांत सुमारें पांच लक्ष माणसें अधिक मेलीं. ज्याचें बलुतें आपण कधीं मोजलें नाहीं, त्याच्या चाकरीचें मोल हें असें निघालें.

सरकारनें 2006 सालीं जनावरांसाठीं डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरीही माणसांसाठीं असलेल्या मोठ्या कुप्या गुरांस वापरल्या जात, म्हणून 2015 सालीं ती कुपी तीन मिलिलिटरांपुरती मर्यादित केली. 2023 सालीं केटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक हींही गुरांसाठीं बंद झालीं, व 2024 च्या अखेरीस निमेसुलाईडही. असिक्लोफेनॅकचें तर गाईच्या शरीरांत गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतें.

कायदा आपल्या जागीं; पण सुई टोंचली जाते ती आपल्या गोठ्यांत. तेव्हां पुढील गोष्टी प्रत्येकानें पाळाव्या. वेदनाशामक देणें झाल्यास मेलॉक्सिकॅमविषयीं पशुवैद्यास विचारावें. तें गिधाडांस अपायकारक नाहीं. माणसांचें औषध जनावरास टोंचूं देऊं नये. बंद औषध दिलेलें जनावर मेल्यास तें उघड्यावर न टाकतां खोल पुरावें. बिबट्या वा कुत्रीं मारण्यासाठीं मढ्यांत विष घालूं नये. गांवाजवळचीं उंच जुनीं झाडें राखावीं. पांढऱ्या पाठीचें गिधाड त्यांवरच घरटें करतें.

निराश होण्याचें कारण नाहीं. हरियाणांत पिंजोर येथें गिधाडांची पैदास करण्यांत आली आहे. आपल्या रायगड जिल्ह्यांत म्हसळा तालुक्यांतील चिरगांव येथेंही त्यांच्या संरक्षणाचें काम झालें आहे. परंतु गिधाडास आपल्या गांवची शीव कळत नाहीं. तें दूरदूर उडतें व मिळेल तेथें उतरतें. दहा गांवांनीं काळजी घेतली व अकराव्यानें हयगय केली, तर दहांचे श्रम वायां जातात. म्हणून गोठ्याचा धनी हाच येथें खरा राखणदार आहे. निर्दोष मांस एवढेंच बलुतें हा चाकर मागतो. तें देणें आपणांस खचित जड नाहीं.