मांजराचं पिल्लू आणि दोन पट्ट्या

सँड्रा बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅनफर्डला होत्या. १९७५ साली त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी व्यंगचित्रं बघायची आणि ती किती हसवतात ते सांगायचं. त्याआधी इतरांची मतं कानावर पडत. त्यांतली काही मुद्दाम खोटी. दुसऱ्यात मांजराचं इवलं पिल्लू हातात द्यायचं आणि विद्यार्थी त्याच्याशी किती रमतात ते टिपायचं.

चार जणांचं न ऐकणं पुरुषी मानलं जाई, पिल्लापुढे विरघळणं बायकी. या दोन गोष्टी एका माणसात नांदतात का?

साहित्यिकांना हा प्रश्न जुना. व्हर्जिनिया वुल्फनं 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये (१९२९) कवी कोलरिजचा हवाला देऊन म्हटलं, की थोर मन एकाच वेळी स्त्रीचंही असतं नि पुरुषाचंही. आपल्याला यात नवल वाटू नये. ज्ञानेश्वरांनी स्त्रीच्या आवाजात गायलेल्या विरहिण्या आपण ऐकत आलोच आहोत.

मानसशास्त्राची अडचण मात्र मोजमापाची होती. टर्मन आणि माइल्स यांच्या १९३६ च्या चाचणीत पट्टी एकच: एका टोकाला पुरुषीपणा, दुसऱ्या टोकाला बायकीपणा. इकडे सरकलात की तिकडचं गेलंच. बेमनी १९७४ मध्ये पट्ट्या दोन केल्या. साठ गुणविशेष, त्यांतले वीस 'पुरुषी', वीस 'बायकी', उरलेले कुठलेच नाहीत. प्रत्येकाला एक ते सात गुण आपले आपण द्यायचे. दोन्हीकडचे गुण जवळपास सारखे आले, तर मनात अर्धनारीनटेश्वर.

प्रयोगांत अशी माणसं दोन्हीकडे टिकली. पण एक गोष्ट बेमनाही चकवून गेली: 'बायकी' गटातल्या बायका पिल्लाशी फारशा खेळल्याच नाहीत!

असं दुहेरी मन सर्जनशील असतं हे सांगताना हमखास दाखला दिला जातो तो बर्कलीचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅकिनन यांचा. त्यांनी नामवंत वास्तुरचनाकारांची तपासणी केली, तेव्हा त्या पुरुषांना स्त्रीत्वाच्या मापावर चढे गुण मिळाले. वाचायला छान वाटतं. पण ते माप उघडून बघा. कवितेची आवड, नाटकाची आवड, हे त्यात बायकीपणाच्या खात्यावर जमा! मग कलेत रमणारा पुरुष दुसरं काय ठरणार? माझ्या मते त्या आकड्यांत कलावंताच्या मनाइतकंच प्रश्नावली करणाऱ्यांचं मनही दिसतं.

बेमची यादीही यातून सुटलेली नाही. तेव्हाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांना पुरुषात काय शोभतं, बाईत काय शोभतं, हे विचारून ती बनली. 'स्वतंत्र', 'विश्लेषक' हे पुरुषांच्या वाट्याला. 'कनवाळू', 'हळुवार' बायकांच्या. आणि त्याच रांगेत 'भोळसट'ही.

पुढे बेमनी तीस गुणविशेषांची आटोपशीर यादी केली. 'कनवाळू' तिथे आहे, 'हळुवार' आहे. 'भोळसट' गाळलेला आहे.